थांब्याची चव

उज्जैनचे दोन भाग रेल्वेच्या रुळांनी पाडले आहेत. एका अंगाला महाकालाचं, क्षिप्रेच्या घाटांचं, अरुंद बोळांचं जुनं शहर. दुसऱ्या अंगाला शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानाच्या काळात आखून वसवलेलं, सरळ रस्त्यांचं आणि घड्याळाच्या टॉवरचं फ्रीगंज. माधवनगर हे त्याचं दुसरं नाव. फ्रीगंजच्या माणसाला देवळात जायचं तर पूल ओलांडावा लागतो आणि पुलाखालून जाणारी गाडी दिसते. गाडी कुठली, कुठे चालली, कुठे थांबणार, हे प्रश्न इथल्या माणसाच्या मनात लहानपणापासून असतात.

त्यातल्या शेवटच्या प्रश्नाबद्दल, म्हणजे गाडीच्या थांब्याबद्दल, हा लेख आहे. गाडी जिथे थांबते तिथे चव जन्माला येते आणि थांबा गेला की बहुतेक वेळा ती चवही जाते. ही गोष्ट ओळखून, जुन्या रेल्वेमार्गाच्या कडेने खात-पीत जाण्याची सहल नीट आखण्याची कला इंग्लंडमध्ये चांगली रुजली आहे. ती समजून घेतली तर फ्रीगंजमधून निघून माळव्यातही तशी सहल आखता येते, आणि तिच्यासाठी लागणारं सगळं इथे आधीपासून आहे.

पिंपातली जिवंत बिअर

इंग्लंडमधल्या या सहलींच्या केंद्रस्थानी असते ‘रिअल एल’. एल म्हणजे बिअरचाच एक जुना प्रकार. विसाव्या शतकाच्या मध्यावर तिथल्या मोठ्या कंपन्या बिअर गाळून, उष्णतेने निर्जंतुक करून, वरून कार्बन डायऑक्साइड भरून विकू लागल्या. अशी बिअर कुठेही न्या, कितीही दिवस ठेवा, चव तीच. सोय मोठी होती, पण त्या बिअरमधलं यीस्ट मेलेलं होतं. १९७१ साली चार मित्रांनी याविरुद्ध एक मोहीम सुरू केली. ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’ या नावाने ती आजही चालू आहे.

रिअल एलची त्यांनी केलेली व्याख्या नेमकी आहे. बिअर ज्या पिंपातून ग्लासात ओतली जाते, त्याच पिंपात तिचं दुसऱ्यांदा आंबणं झालं पाहिजे. म्हणजे पिंप पबच्या तळघरात येतं तेव्हा आत यीस्ट जिवंत असतं. उरलेली साखर खाऊन ते थोडा वायू तयार करतं आणि बिअरला तिचा हलका फेस येतो. बाहेरचा वायू वापरायचा नाही. तळघराचं तापमान ११ ते १३ अंश सेल्सिअसच्या आसपास राखायचं, गाळ खाली बसू द्यायचा आणि मग लाकडी मुठीचा दांडा ओढून बिअर वर आणायची. एकदा पिंप उघडलं, आत हवा शिरली, की साधारण तीन दिवसांत ते संपवावं लागतं. त्यानंतर बिअर आंबट आणि निस्तेज होते.

म्हणून रिअल एल चांगली की वाईट, हे ती बनवणाऱ्यावर जितकं अवलंबून असतं तितकंच ती सांभाळणाऱ्या पबमालकावर. एकच बिअर दोन गावांतल्या दोन पबमध्ये वेगळी लागू शकते. तिची खरी चव हवी असेल तर तिच्याकडे जावं लागतं. आणि एका दिवसात चार-पाच गावांतल्या पबमध्ये जायचं तर गाडी चालवून जाता येत नाही. तिथे रेल्वे कामाला येते.

रेल्वे आणि पब

ब्रिटनमध्ये बंद पडलेले मार्ग स्वयंसेवकांनी पुन्हा चालवण्याची परंपरा वेल्समधल्या टॅलिलिन रेल्वेपासून सुरू झाली. १९५१ मध्ये हौशी लोकांनी ती ताब्यात घेऊन गाड्या चालवल्या. पुढे रेल्वेचे मार्ग कमी करण्याची शिफारस करणाऱ्या १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर हजारो मैलांचे मार्ग बंद झाले आणि ठिकठिकाणी लोकांनी आपापला तुकडा वाचवला. सेव्हर्न व्हॅली रेल्वे हे त्यातलं मोठं नाव. ब्रिजनॉर्थ ते किडरमिन्स्टर असा सुमारे १६ मैलांचा हा मार्ग. एका टोकाला, ब्रिजनॉर्थ स्टेशनच्या फलाटावर ‘रेल्वेमन्स आर्म्स’ नावाचा पब आहे; दुसऱ्या टोकाला किडरमिन्स्टर स्टेशनातच ‘किंग अँड कॅसल’ आहे. मधल्या गावांत उतरायचं, एक ग्लास घ्यायचा, पुढची वाफेची गाडी आली की चढायचं.

चालू मार्गांवरही असं होतं. यॉर्कशायरमधल्या बॅटलीपासून मँचेस्टरजवळच्या स्टॅलीब्रिजपर्यंतच्या स्टेशनांवरच्या पबची मालिका ‘ट्रान्सपेनाइन रिअल एल ट्रेल’ म्हणून ओळखली जाते. स्टॅलीब्रिजचा फलाटावरचा बुफे बार १८८५ सालापासूनचा आहे. २००९ मध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमात ही वाट दिसली आणि शनिवारी तिथे इतकी गर्दी होऊ लागली की लहान स्टेशनांना आणि गावकऱ्यांना तिचा त्रास झाला. चांगली जागा गाजली की तिचंच ओझं होतं, हा धडाही त्या वाटेने दिला आहे.

पण हे पब स्टेशनावर आले कसे? गाडी थांबायची म्हणून. इंजिनात पाणी भरायचं, इंजिन बदलायचं, दुसऱ्या मार्गाच्या गाडीची वाट पाहायची. या वेळात माणसं उतरायची, आणि उतरलेल्या माणसाला काहीतरी हवं असतं.

आपल्याकडे हेच घडलं. मुंबई-पुणे प्रवासात कर्जतला बोरघाट चढण्यासाठी गाडीच्या मागे जादा इंजिन जोडलं जाई. त्याला रेल्वेवाले ‘बँकर’ म्हणतात. तेवढ्या काही मिनिटांत खिडकीतून हात बाहेर येत आणि कागदात बांधलेला गरम बटाटेवडा आत जाई. कर्जतचा वडा प्रसिद्ध झाला यात वडा तळणाऱ्याचं कौशल्य आहेच, पण घाटाच्या चढाचाही त्यात वाटा आहे.

फ्रीगंजची परिस्थिती

आता फ्रीगंजकडे येऊ. मध्य प्रदेश सरकारने १ एप्रिल २०२५ पासून राज्यातल्या १९ धार्मिक ठिकाणी दारूविक्री बंद केली. उज्जैन त्यात आहे. काळभैरवाला मद्याचा नैवेद्य दाखवण्याची जुनी रीत याच शहरातली. पण दुकानं आणि बार इथे आता नाहीत. तेव्हा पिंपातल्या बिअरची सहल इथून आखायची नाही. त्या सहलीचा गाभा मात्र घ्यायचा: जो पदार्थ जिवंत आहे, जो टिकत नाही, जो त्याच्या जागी जाऊनच खावा लागतो, त्याच्याकडे रेल्वेने जायचं.

असे तीन पदार्थ माळव्याच्या या पट्ट्यात रेल्वेच्या काठाने आहेत. फ्रीगंजचे पोहे-जिलबी, फतेहाबादचे गुलाबजाम आणि काळाकुंडचा कलाकंद.

पहिला थांबा: फ्रीगंज

महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्याला माळव्याचे पोहे पहिल्यांदा बुचकळ्यात टाकतात. आपले कांदेपोहे फोडणीत परतून, झाकण ठेवून दणदणीत वाफ आणून लगेच वाढायचे. इथे फोडणीचे पोहे मोठ्या पातेल्यावर, उकळत्या पाण्याच्या वाफेवर ठेवलेले असतात. त्यामुळे ते तासन्‌तास मऊ राहतात आणि तेल कमी लागतं. वर शेव, कच्चा कांदा, लिंबू, कधी डाळिंबाचे दाणे, आणि जीरावण. जीरं, धणे, आमचूर, काळं मीठ आणि इतर मसाल्यांची ही पूड माळव्याची खूण आहे. पोहे थोडे गोडसर असतात, बडीशेपेचा वास असतो, आणि जीरावणाने ते एकदम जागे होतात.

शेजारी जिलबी. रिअल एलचं जवळचं नातं खरं तर हिच्याशी आहे. मैद्याचं पीठ आदल्या दिवशी भिजवून आंबवतात. हवेतले आणि पिठातले जिवाणू व यीस्ट रात्रभर काम करतात, पिठाला किंचित आंबटपणा आणि बुडबुडे येतात. ते बुडबुडेच तळताना जिलबीला आतून पोकळ करतात आणि त्या पोकळीत पाक शिरतो. आंबवलेल्या पिठाची जिलबी चावली की आधी कुरकुरीत, मग गोड, आणि शेवटी अगदी थोडी आंबट लागते. घाईत सोडा घालून केलेल्या जिलबीत हा शेवटचा सूर नसतो. आणि कढईतून निघाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत तिची कुरकूर जाते. तळघरातली बिअर तीन दिवस वाट पाहते. जिलबी पाव तास.

सकाळी लवकर टॉवर चौकाच्या आसपास गरम पोहे मिळतातच. सहलीची सुरुवात इथून करावी आणि इथे पोट भरून घेऊ नये. एक प्लेट दोघांत पुरे. पुढे बरंच आहे.

दुसरा थांबा: फतेहाबाद

उज्जैनहून इंदूरला रेल्वेने दोन वाटांनी जाता येतं. एक देवासवरून, दुसरी फतेहाबाद चंद्रावतीगंजवरून. आपल्याला दुसरी हवी. उज्जैनपासून फतेहाबाद सुमारे २३ किलोमीटर. हे जुनं जंक्शन. रतलामहून इंदूर, महू, खांडव्याकडे जाणाऱ्या मीटरगेज मार्गाला उज्जैनचा फाटा इथे मिळत असे. जंक्शन म्हणजे वाट पाहणं, आणि वाट पाहणं म्हणजे खाणं. फतेहाबाद स्टेशनावरच्या गुलाबजामाचं नाव माळवाभर झालं ते त्यामुळे.

हा मार्ग मराठी माणसाच्याही परिचयाचा होता. काचीगुडा-जयपूर मीनाक्षी एक्स्प्रेस मराठवाड्यातल्या पूर्णेवरून, अकोल्यावरून, खांडव्यावरून, घाट चढून महू-इंदूरला येई आणि रतलामकडे जाई. विदर्भ-मराठवाड्यातून माळव्यात नोकरीला, लग्नाला, यात्रेला येणाऱ्या कुटुंबांनी या गाडीने कित्येक रात्री काढल्या. पुढे मीटरगेज टप्प्याटप्प्याने उखडलं गेलं. उज्जैन-फतेहाबाद फाटा २०१४ मध्ये बंद झाला आणि ब्रॉडगेज होऊन काही वर्षांनी परत सुरू झाला. तेवढी वर्षं फतेहाबादला उज्जैनकडून गाडी नव्हती. थांबा जातो म्हणजे काय, हे त्या फलाटावर मिठाई विकणाऱ्यांनी अनुभवलं.

इथे उतरण्याआधी पुढची गाडी किती वाजता आहे हे पाहून ठेवावं. सगळ्या गाड्या इथे थांबत नाहीत.

घाटाची गोष्ट

तिसऱ्या थांब्याआधी तो घाट समजून घ्यायला हवा, कारण या सहलीचा तो आत्मा आहे.

माळव्याचं पठार महूच्या दक्षिणेला एकदम तुटतं आणि निमाडच्या खोऱ्यात, नर्मदेकडे उतरतं. इंदूरला मुंबईशी जोडायचं तर खांडव्याला पोचायला हवं होतं, आणि मध्ये हा कडा होता. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर दुसरे यांनी या रेल्वेसाठी ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपयांचं कर्ज दिलं, साडेचार टक्के व्याजाने आणि १०१ वर्षांच्या मुदतीने. जमीनही दिली. एका संस्थानिकाने सरकारला कर्ज देऊन रेल्वे आणवली, ही घटना तेव्हाही वेगळी होती. खांडव्याकडून काम सुरू झालं, नर्मदेवर पूल झाला आणि १८७० च्या दशकाच्या अखेरीस रूळ घाट चढून इंदूरला पोचले.

घाटातला सगळ्यात अवघड तुकडा पाताळपाणी ते काळाकुंड. लांबी जेमतेम साडेनऊ किलोमीटर. तेवढ्यात ४ बोगदे, लहानमोठे ४१ पूल आणि २४ तीव्र वळणं. चढ ४० फुटांना १ फूट, म्हणजे रेल्वेसाठी फारच उभा. रुळांमधलं अंतर फक्त एक मीटर असल्यामुळे इतकी घट्ट वळणं घेता आली. ब्रॉडगेजला, जिथे हे अंतर १.६७६ मीटर असतं, ती झेपली नसती. खालून वर जाणाऱ्या गाडीला काळाकुंडला मागून बँकर लावावा लागे. गाडी थांबली, माणसं उतरली, आणि चोरल नदीकाठच्या त्या लहानशा गावाने त्यांना कलाकंद दिला. कर्जतला वडा आणि काळाकुंडला कलाकंद. दोन्हींचं कारण एकच.

महूच्या पुढचा मार्ग ब्रॉडगेज करायचं ठरलं तेव्हा या चढावरून तो नेणं शक्य नव्हतं. नवी वाट वेगळीकडून आखावी लागली. त्यामुळे जुना तुकडा मोकळा झाला आणि २५ डिसेंबर २०१८ ला त्यावर वारसा गाडी सुरू झाली. पुढे तिला मोठ्या काचांचे व्हिस्टाडोम डबे जोडले गेले. महूहून ओंकारेश्वरकडे जाणारी रोजची मीटरगेज गाडी २०२३ मध्ये थांबली. आता या घाटातून धावते ती फक्त ही वारसा गाडी.

तिसरा थांबा: काळाकुंड

गाडी पाताळपाणीहून सकाळी अकराच्या सुमाराला सुटते, धबधबा आणि दरी दाखवत, मध्ये थांबत, दुपारी एकच्या सुमाराला काळाकुंडला पोचते आणि साडेतीनच्या सुमाराला परत निघते. म्हणजे काळाकुंडला दोन-अडीच तास मिळतात. रेल्वेने हा अवकाश पर्यटकांच्या सोयीसाठी ठेवला असला, तरी कलाकंदाला त्याने पुन्हा जागा मिळाली.

कलाकंद म्हणजे दूध आटवत असताना त्यात किंचित आंबट पदार्थ घालून ते अर्धवट फाडायचं. पूर्ण फाडलं तर छेना होईल, अजिबात नाही फाडलं तर खवा. या दोन्हींच्या मधली अवस्था पकडायची. दुधातलं केसीन बारीक दाण्यांत गोठतं, बाकीचं दूध त्या दाण्यांभोवती आटत राहतं. मग साखर घालून ताटात ओतायचं आणि सावकाश निवू द्यायचं. जाड थर असेल तर मधला भाग बराच वेळ गरम राहतो आणि तिथे दुधाची साखर व प्रथिनं एकमेकांशी जुळून रंग बदामी होतो, वासही वेगळा येतो. पेढ्यापेक्षा यात पाणी जास्त असतं. रवाळ मऊपणा त्या पाण्यामुळेच येतो, आणि त्या पाण्यामुळेच तो लवकर उतरतो. पेढा गावोगाव प्रसाद म्हणून प्रवास करतो. कलाकंदाला ते जमत नाही.

काळाकुंडला तो पानावर मिळतो, चोरलच्या काठी बसून खाता येतो. इतर सगळे थांबे टाळले तरी चालतील, हा टाळू नये.

आखणी कशी करावी

रिअल एलच्या वाटा आखणारे अनुभवी लोक उलटीकडून सुरुवात करतात. आधी परतीची शेवटची गाडी, मग तिच्या आधीचे थांबे, सगळ्यात शेवटी निघण्याची वेळ. इथेही तसंच करावं. पाताळपाणीच्या गाडीची वेळ हा खुंटा. ती चुकली तर दुसरी नाही. ती मुख्यतः पावसाळ्यात आणि आठवड्याच्या ठरावीक दिवशी धावते, म्हणून आधी दिवस नक्की करावा, जाण्या-येण्याची दोन्ही तिकिटं काढावीत आणि मग बाकीचं.

फ्रीगंज ते पाताळपाणी हे अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास आहे. एका दिवसात तिन्ही थांबे कोंबता येतील, पण चव घेता येणार नाही. दोन दिवस ठेवावेत. पहिल्या दिवशी सकाळी फ्रीगंजात पोहे-जिलबी, दुपारच्या गाडीने फतेहाबाद, तिथून पुढच्या गाडीने इंदूर. रात्री इंदूरचा सराफा आहेच. दागिन्यांची दुकानं बंद झाली की तिथे खाण्याचा बाजार भरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी महू. १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म इथे झाला आणि स्टेशनाला आता त्यांचं नाव आहे. जन्मस्थळी माथा टेकवून सहा-सात किलोमीटरवरच्या पाताळपाणीला रस्त्याने जावं.

पाताळपाणीला इंग्रजांविरुद्ध लढलेल्या तंट्या भिल्लाचं देऊळ आहे. इंग्रजांनी त्याला ४ डिसेंबर १८८९ ला जबलपूरला फाशी दिलं. इथून जाणाऱ्या गाड्या त्याच्या मानासाठी क्षणभर थांबत आल्या, अशी या भागातली रीत आहे. या घाटातला एक थांबा असा खाण्यासाठी नाही, आदरासाठी आहे. तिथे आपणही थांबावं.

काही गोष्टी जपाव्यात. धबधब्याच्या पात्रात उतरू नये. जुलै २०११ मध्ये वरच्या पावसाने अचानक लोंढा आला आणि पात्रात उभी असलेली माणसं वाहून गेली. माकडांना खायला देऊ नये. सुट्टे पैसे जवळ ठेवावेत. प्रत्येक थांब्यावर थोडंच घ्यावं, कारण चौथ्या घासाला चव कळत नाही आणि चवीसाठीच आपण निघालो आहोत. पान, कागद, बाटली परत आणावी. स्टॅलीब्रिजच्या वाटेवर गर्दीने जे केलं, ते काळाकुंडवर होऊ नये.

थांबा राखणं

फ्रीगंजच्या बाजूने एके काळी आणखी एक गाडी होती. उज्जैन-आगर ही ग्वाल्हेर संस्थानाची दोन फुटी रुळांची रेल्वे १९३२ मध्ये सुरू झाली आणि १९७५ मध्ये बंद पडली. रूळ उचलले गेले. त्या वाटेवरच्या लहान स्टेशनांवर गाडी थांबली की कोण काय घेऊन यायचं, कुठली भजी, कुठला चहा, हे आता सांगणारी माणसंही कमी होत चालली आहेत. ती चव कुणी मुद्दाम संपवली नाही. गाडी थांबायची बंद झाली, एवढंच.

काळाकुंडचं तसं झालं नाही, कारण एक लहानशी गाडी अजून तिथपर्यंत उतरते आणि दोन तास उभी राहते. इंग्लंडमध्ये स्वयंसेवकांनी रूळ वाचवले, इंजिनं वाचवली, आणि त्यांच्याबरोबर फलाटावरचा पबही वाचला. आपण तिकीट काढून बसलो, गावातल्या माणसाकडून पानभर कलाकंद घेतला, तर तेवढाच वाटा आपलाही.

घरच्यांसाठी थोडा बांधून जरूर घ्यावा. संध्याकाळी फ्रीगंजच्या पुलावरून घरी पोचेपर्यंत तो थोडा घट्ट झालेला असेल, वासही बदललेला असेल. घरचे म्हणतील, छान आहे. तेव्हा त्यांना सांगावं की पुढच्या पावसाळ्यात तुम्हीच चला, कारण हा तिथे वेगळा लागतो.